तिच्या नावाखाली

प्रेमात पडून त्या मुलीशी एक शब्दही न बोललेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो तीन वर्षं नांदेडला माझ्या खोलीत राहत होता. गाव हदगावकडचं, घरी कापूस, आणि कॉलेजला जायला इस्त्रीचा एकच पांढरा शर्ट. त्या काळी मुलीशी ओळख काढायची म्हणजे आधी तिची वही मागायची, परत करताना तिला नवं कव्हर घालायचं आणि कव्हराच्या आत चिठ्ठी सरकवायची. आमच्या वर्गातून अशा चार चिठ्ठ्या गेल्या. एकाचं लग्न झालं, एकाला मार बसला, दोघांना आपापल्या चिठ्ठ्या परत मिळाल्या. ह्याला मुळात वही मागणंच आगाऊपणाचं वाटे. वर्गातल्या देगलूरच्या एका मुलीनं ग्रंथालयात पुस्तक परत केलं, की हा लगेच तेच घेई. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला तेव्हा खिसा असे, त्यात कार्ड, आणि कार्डावर नेणाऱ्यांची नावं तारखेसह एकाखाली एक. तिच्या नावाखाली आपलं नाव यावं, एवढीच त्याची मजल.

त्यात माणूस प्रामाणिक. घेतलेलं पुस्तक न वाचता परत देणं त्याला लबाडी वाटे. म्हणून त्यानं लोणच्यांवरचं पुस्तक वाचलं, बाळाच्या संगोपनावरचं वाचलं, आणि विणकामाचं वाचून मला एक मफलर विणून दिला. तो एका टोकाला चार बोटं जास्त रुंद आहे. परत केलेलं पुस्तक मात्र तो पुन्हा उघडून बघत नसे. म्हणायचा, "तिच्यामागं आपन. आपल्यामागं कुनी का घेईना."

एकतीस पुस्तकं झाल्यावर मीच त्याला म्हणालो, एवढ्या पुस्तकांत तिकडून काही नाही, तर नाहीच असं धर. "हाव," म्हणाला, आणि त्या दिवसापासून ग्रंथालयाची पायरी चढला नाही. परीक्षेनंतर तिचं लग्न झालं. हा लातूरला शिक्षक झाला. स्थळं आली की "बघू की" म्हणायचा. अजून एकटाच आहे.

गेल्या महिन्यात त्या ग्रंथालयानं जुनी पुस्तकं रद्दीत काढली. मी नांदेडलाच असतो, जाऊन शोधली. एकतीसपैकी अकरा सापडली. त्यांतल्या सात कार्डांवर तिचं नाव, त्याखाली त्याचं, आणि त्याखाली पुन्हा तिचं. तारखा ताडून पाहिल्या. एकदा असतं तर मी योगायोग म्हटलं असतं.

ती त्याला दाखवावीत की नाही, यात माझे दोन दिवस गेले. सल्ला माझा होता. शेवटी सातही पिशवीत घालून लातूरची एसटी धरली. त्यानं चष्मा पुसला, एकेक कार्ड पाहिलं, विणकामाचं दोनदा. मग म्हणाला, "वाचून झालं नसंल तिचं."

एकूण अकरा सापडली, चारांवर तसं नाही, एवढं मी सांगितलं. त्यानं चहा केला, शाळेच्या गोष्टी काढल्या. संध्याकाळी स्टँडवर सोडायला आला, आणि गाडी हलल्यावर खिडकीचा गज धरून चालत राहिला.

"बाकीची वीस कुठं असतील रे?"

ती आदल्याच आठवड्यात लगद्याला गेली होती. शोधतो, म्हणालो.