सहदेवची पिवळी ठिणगी

सहदेव इंगळेनं माझ्या दुकानातली कॉइल नकली आहे असं पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा त्यानं तेच चहाच्या टपरीवर, गिऱ्हाइकांच्या देखत म्हटलं आणि माझं टाळकं सरकलं. मलकापुरात माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून त्याचं गॅरेज. उभी हयात एकाच टपरीवर चहा प्यायलो. नावं ठेवायची होती तर निदान दुकानात येऊन ठेवायची!

लोक त्याचंच ऐकणार, हे मला ठाऊक होतं. जुनी पेट्रोलची गाडी चालू होत नसेल, मध्येच फडफड करत असेल, तर सहदेव सांगेल ते शेवटचं. त्याची पद्धत साधी होती. कॉइल म्हणजे बॅटरीच्या करंटचा जोर वाढवणारा डबा. तिच्यातून निघणारी जाड वायर तो इंजिनच्या लोखंडाजवळ धरायचा, गाडीवाल्याला चावी फिरवायला सांगायचा आणि मधल्या फटीत उडणारी ठिणगी बघायचा. उन्हात ठिणगीचा रंग नीट कळत नाही, म्हणून डोक्यावरून आणि इंजिनावरून एक काळी घोंगडी ओढून घ्यायचा. ठिणगी निळी असली तर करंट चांगला, पिवळट असली तर कमजोर. घोंगडीतून निकाल यायचा आणि तो ऐकायला रिकामटेकडे लोकही थांबायचे. कोणी उलट विचारलेलं त्याला खपत नसे. "मंग मीटर घेऊन ये तुह्या घरून," म्हणायचा. करंट मोजायचा मीटर त्याच्याकडे कधीच नव्हता. माझ्या दुकानात काचेआड एक होता, तो विकत घे म्हटलं की असा बघायचा जणू मी त्याला काठी घेऊन चालायला सांगितलंय.

तर अलीकडे त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीची ठिणगी पिवळी निघायला लागली. जुनी कॉइल गेली म्हणून नवी घातली, तीही पिवळी. मग अर्थातच माल नकली. मग अर्थातच चोर मी.

तहसीलमधून निवृत्त झालेले उद्धवराव कुळकर्णी यांची जुनी फियाट त्याच्याकडे आली तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. गाडी सपाटीवर ठीक चालायची, राजूरच्या घाटात चढ लागला की फडफडायची. सहदेवनं माझी कॉइल बसवली आणि काढली. दुसरी बसवली, तीही काढली. शेवटी उद्धवराव बिचारे अकोल्याहून कॉइल घेऊन आले. घोंगडीतून आवाज आला, "हेही पिवळीच देते."

मी दुकान तसंच उघडं टाकून तिकडे गेलो.

"काऊन बे सहद्या, अकोल्याचा मालही नकली काय?"

"हाव. सगळीकडे चोरच बसले आहेत."

मी घोंगडीत डोकं घातलं. आत पेट्रोलचा आणि त्याच्या घामाचा वास होता. उद्धवरावांनी चावी फिरवली. तट तट तट, ठिणगी उडाली. चांगली निळी.

"निळी आहे," मी म्हणालो.

"पिवळी आहे."

"सहद्या, निळी आहे बे!"

"तू तं म्हणशीनच. तुले धंदा करायचा आहे."

तेवढ्यात त्याची बायको जनकाबाई जेवणाचा डबा घेऊन आली. मी तिला हाक मारली. वहिनी, जरा डोकं घालून रंग सांगा म्हटलं. तिनं डबा खाली ठेवला, पदर आवरला आणि घोंगडीत वाकली. बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, नवऱ्याकडे पाहत राहिली.

"निळी आहे हो," ती हळूच म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?"

"गाडीतलं नाही समजत मले. निळं समजते."

सहदेवनं घोंगडी बाजूला सारली. मग त्याचे हात आपोआप कामाला लागले. ठिणगी निळी म्हणजे कॉइल चांगली, म्हणजे खोट तिच्या पुढं कुठंतरी. कॉइलचा करंट चारही प्लगना वाटून देणारं काळं टोपण असतं, ते त्यानं काढलं आणि आतून अंगठ्याचं नख फिरवलं. एका जागी नख अडलं. "इथी चीर आहे. चढावर जोर पडला का करंट इथून गळते." एवढं सांगायला त्याला डोळे लागले नाहीत. माझ्याच दुकानातलं नवं टोपण त्यानं बसवलं आणि उद्धवरावांना म्हणाला, "जा साहेब, घाट चढून या."

मी जिंकलो होतो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. माझा माल खरा ठरणार होता, तोही त्याच्याच हातून. मी ऐटीत त्याच्याशेजारी टायरवर बसलो आणि दोन चहा मागवले. त्यानं चहाला हात लावला नाही. रस्त्याकडे बघत म्हणाला, "चंद्या, फडफडली पाह्यजे बे ते गाडी."

"काऊन? दुरुस्त केली ना तूच?"

"फडफडली तं माहे डोळे चांगले आहेत."

मी चहाचा पेला खाली ठेवला. आयुष्यभर हा माणूस गाड्या नीट चालाव्यात म्हणून धडपडला आणि आज गाडी बंद पडावी म्हणून देवाला नाही तर निदान त्या रस्त्याला तरी साकडं घालत होता. मीही घातलं. माझा सगळा माल नकली निघू दे, असं मी मनापासून म्हटलं.

ऊन कलल्यावर उद्धवराव परत आले. हातात पेढ्यांचा पुडा. "सहदेव, अरे एकदाही आचका नाही! आख्खा घाट चढली!" म्हणत त्यांनी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. त्याला साखरेचा आजार आहे, हे त्यांना काय ठाऊक. त्यानं तो पेढा खाल्ला. जनकाबाईनं तोंड फिरवलं.

डॉक्टरकडे मी घेऊन गेलो, कारण तो आपणहून जाणार नव्हता. मोतीबिंदू असेल, काढून टाकू, अशी मी वाटभर बडबड करत होतो. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागचा पडदा साखरेनं खराब केलाय. निळा रंग ओळखणं आधी जातं. इंजेक्शनं देऊ, उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येणार नाही. सहदेवनं एकच विचारलं, "कधीपासून झालं असन हे?" डॉक्टरांना ते सांगता येईना. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून तो बोटं मोडत होता. कोणाकोणाच्या चांगल्या कॉइली काढून फेकल्या ते आठवत असणार. आणि आठवून कळणार तरी काय? कोणती खरंच गेली होती आणि कोणती नाही, हे आता जगात कोणालाच कळणार नव्हतं.

मी हार मानायला तयार नव्हतो. मीटर काचेतून काढून त्याच्यापुढं ठेवला, त्यानं तो परत माझ्या गल्ल्यावर आणून ठेवला. मग मी म्हटलं, मी बघतो आणि सांगतो, तू निकाल दे. वरवट बकालची एक जुनी जीप आली तेव्हा आम्ही दोघं घोंगडीत शिरलो. चावी फिरली.

"निळी," मी म्हणालो.

"कशी निळी? जवसाच्या फुलासारखी, का कपड्याच्या निळीसारखी?"

"निळी बे. निळी म्हणजे निळी."

"कडेनं जांभळी झाक आहे काय? मधात पांढरी होते काय? नीट पाह्य."

मी नीट पाहिलं. पुन्हा चावी फिरवायला लावली, पुन्हा पाहिलं. मला एक निळी रेघ दिसत होती, बाकी काही नाही. माझे डोळे धडधाकट आहेत, पण तो जे बघायचा ते मला कधी दिसलंच नव्हतं. त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "आहे, जांभळी झाक आहे."

"नाही तुले दिसत," तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. घोंगडीतूनच त्यानं जीपवाल्याला सांगितलं, "खामगावले न्या भाऊ. इथी होत नाही."

त्यानं गाडी परत पाठवल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी बाहेर आलो. तो येईना. जीपवाला ताटकळत उभा होता, म्हणून मी घोंगडी उचलायला गेलो. त्यानं आतून ती घट्ट धरली.

"राहू दे बे थोडं," तो म्हणाला. "इथी आत अंधार आहे म्हणून दिसत नाही, असं वाटते."