ओहोटीला निघालेलं गलबत

भरती की ओहोटी हे विचारल्याशिवाय चहाचा कपही तोंडाला न लावणारा माणूस उभ्या पेण तालुक्यात एकच होता, आणि तो आमच्या गणपतीच्या कारखान्याला लागून राहायचा. सगळे त्यांना बंदरकाका म्हणत. जुन्या बंदरावरच्या चौकीत त्यांनी तीस वर्षं गलबतांच्या नोंदी ठेवल्या होत्या. शिडं संपली, चौकीला कुलूप लागलं, पण काकांचं नोंदी ठेवणं काही संपलं नाही; आता कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या. भाचीच्या लग्नाला मुहूर्त टळल्यावर पोचले आणि वर ऐकवलं, "ऐन ओहोटीत कोण बंदरात शिरतो काय?" रोह्याच्या एस.टी.त चढण्याआधी बोट ओलं करून वारा बघायचे. चौथीत शाळा सुटलेली मी बीडहून इथे कामाला आले, त्या दिवशी सगळ्या बायकांसमोर त्यांनी मलाही कॅलेंडरच्या पाठीवर चढवलं. "गलबत बीड. तांडेल स्वतःच. माल एक ट्रंक. वारा उलटा. परत गेल्याचा रकाना कोरा." बायका खो-खो हसल्या. मीही हसले, घर सोडल्यापासून पहिल्यांदा. पुढे त्याच कॅलेंडरांवर त्यांनी माझी जोडाक्षरं घटवून घेतली. आज मी चार ओळी लिहिते त्या त्यांच्यामुळे.

आमचे गणपती कागदाच्या लगद्याचे. रद्दी फाडून हौदात भिजवायची, हे माझं काम. काका रोज सकाळी येऊन त्या ढिगाऱ्यात काहीतरी शोधत बसायचे. एकदा मीच विचारलं. त्यांचे वडील तांडेल, म्हणजे गलबताचे कप्तान होते. काका सहा वर्षांचे असताना तांदूळ भरून पार इराकातल्या बसऱ्याला गेले, ते परतले नाहीत. आईने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. घरात वडिलांचा फोटो नाही, चिठ्ठी नाही. निघताना चौकीच्या वहीत केलेली सही, तेवढीच त्यांच्या हातची खूण. नोकरीत असताना काका दर दिवाळीला ती वही काढून बघायचे. आता चौकीच्या जुन्या वह्या रद्दीत निघाल्या होत्या, ती आमच्याकडे येईल म्हणून ते ढीग चाळत.

"मग तेव्हाच पान का नाय काढून घेतलंत?" एका बाईने विचारलं.

"सरकारी पान गो! मी कसा फाडणार?" काका खरंच दचकले होते.

गणपतीला दीड महिना उरला असेल. काका लेकीकडे वर्षश्राद्धाला गेले होते. मालकाची घाई चाललेली, आणि मला कायम काम जाण्याची धास्ती. आलेला गठ्ठा न बघता फाडला, हौदात टाकला. चौथ्या दिवशी काका आले आणि कोपऱ्यात पडलेले कापडी पुठ्ठे उचलून बघत राहिले. एकावरचा चौकीचा शिक्का आणि साल त्यांनी ओळखलं. मग कोपरापर्यंत हात हौदात घातला. मुठीत निळसर लगदा आला.

मी जवळ गेले. "काका, मी वाचलंच नाही हो. वाचता येतं, तरी वाचलं नाही."

त्यांनी मुठीतला लगदा हौदावर पिळला. मग म्हणाले, "ह्या हौदाचा कुठला गणपती होणार?"

त्या लगद्याची वीतभर मूर्ती त्यांनी घरी नेली. दीड दिवसाच्या विसर्जनाला मला बोलावलं. दुपारी सगळे आपापले गणपती सोडून गेले, काका मात्र खाडीच्या काठावर मूर्ती मांडीवर घेऊन बसलेले.

"काका, चला ना आता."

"भरती हाय गो. त्याला बसऱ्याला जायचंय, उलट्या पाण्यात कसा सोडू?"

पाणी फिरलं तेव्हा त्यांनी खिशातून कॅलेंडरचं पान काढून मला दिलं. मग दोन्ही हातांत मूर्ती धरली. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. वडिलांचं नाव, गलबत, तांदूळ. "परत आल्याचा रकाना?" मी विचारलं. "आख. पण कोरा ठेव."

काकांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यामागून त्याच पानावर, त्यांच्या वडिलांच्या खाली, मी एक नोंद केली: बंदरकाका, ओहोटीला निघाले, वारा अनुकूल. मग पट्टी घेऊन शेवटचा रकाना आखला.