कातळ धरलेली जमीन

दादा इमारतींची गणितं कॉम्प्युटरवर मांडतो. काल तो फणफणतच माझ्या घरी आला. ऑफिसातल्या एकाने खांबांखालची जमीन कातळासारखी पक्की धरली होती, आणि प्रत्यक्षात तिथे चिकणमाती. दादाने त्या मातीचा गोळाच त्याच्या टेबलावर आपटला.

"माती दबते, गाढवा! कॉम्प्युटरवर खांबाखाली स्प्रिंग टाक, तेवढं दबणं गणितात येऊ दे. माणसं राहणार आहेत तिथे!"

चहा झाला तरी धुसफूस चालूच. शेवटी तरातरा निघाला. बाहेरून दार ओढलं, ते लागेना. आता माझंही डोकं फिरलं.

"उचलून लाव! घराचा कोपरा खचल्यापासून वीस वर्षं तसंच लावतोय आम्ही. या घराचं गणित कुणी केलं होतं, दादा?"

दार उचललं गेलं आणि अगदी हळू लागलं.