आखाजीला मालक नसतो

माझे वडील धुळ्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, एवढंच त्यांचं काम. पण माझी सोयरीक जमवताना मध्यस्थानं "मुलीचे वडील कोर्टात असतात" इतकंच सांगितलं आणि पुढचं गिळून टाकलं. झालं! जामनेरकडच्या आमच्या सासरच्या माणसांनी धरून घेतलं की या पोरीच्या डोक्यात आख्खा कायदा भरलेला आहे. बांध कोणाचा, वाट कोणाची, बैल पिकात शिरला तर काय, सगळं मला विचारायचे. मीसुद्धा "मला ठाऊक नाही" असं कधी म्हटलं नाही. का म्हणू? एरवी नव्या सुनेला कोण काय विचारतं हो?

म्हणून आमच्या गावात ती दवंडी पिटली गेली, तेव्हा घरातली सगळी माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

आधी दवंडी कशाची ते सांगते. एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात आमचा सालदार पळून गेला. सालदार म्हणजे आखाजीला, अक्षय तृतीयेला, वर्षभरासाठी ठरवलेला गडी. तो गेला आणि केळीच्या बागेत पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, कापायला माणूस मिळेना. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. ते जळगावला गेले आणि स्टेशनाबाहेर बसलेला एक हडकुळा तरुण बैलगाडीत घालून घेऊन आले. तो पूर्व बंगालातला. तिकडे कापाकापी चालली होती, त्यातून निसटून इकडे निर्वासितांच्या छावणीत आला, छावणीत पटकीची साथ आली, तिथूनही निसटला आणि मिळेल त्या गाडीत बसला. बाप तिकडेच मारला गेला होता. आई मागे राहिली होती, कारण ती गाय सोडून यायला तयार नव्हती. हे सगळं त्यानं तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं आणि आबांचे पाय धरले, "छावणीत परत नका पाठवू." आबांनी शब्द दिला. आमच्या आबांचा स्वभाव असा की घरच्यांवर दिवसभर खेकसतील, पण परक्यानं पाय धरले की विरघळले.

माणूस कामाला वाघ होता. खाण्यात मात्र विचित्र. केळीच्या खोडाच्या आतला पांढरा गाभा आणि केळफूल आणून त्यानं पहिल्यांदा भाजी केली, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, कपाळावर हात मारला. "अगं बाई, ढोरांचा चारा खातो हा!" मग चाखली, आणि पुढे आठवड्यातून एकदा त्याच फर्माईश करायला लागल्या.

हिवाळ्यात लढाई झाली. त्याचा मुलूख स्वतंत्र झाल्याचं आबांच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं तेव्हा तो ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. आम्हाला वाटलं, आता हा निघणार. पण जायचं नाव काढलं की खाली मान घालायचा. आई आहे की नाही, हे त्याला माहीत नव्हतं, आणि इथे आमच्या बागेत असेपर्यंत ती असण्याची निदान आशा तरी होती. तिकडे जाऊन दार उघडलं की एकदाच काय ते कळणार. त्याची छाती होत नव्हती.

आणि अशात दवंडी आली. कोतवालानं डफडं बडवत सांगितलं, छावणीतून निघून आलेला परमुलखातला माणूस ज्यानं न कळवता कामाला ठेवला असेल, त्या मालकावर खटला भरला जाईल. आबांच्या तोंडचं पाणी पळालं. रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, मालकाला काय होतं यात?"

मी भाकरी थापता थापता ठोकून दिलं, "पाच वर्षं."

"पाच? आणि ज्यानं पळून यायचा गुन्हा केला त्याला?"

"त्याला परत पाठवतात. तिकीट सरकारचं."

आबांनी ताट सरकवलं. "म्हणजे तो जाईल घरी आगगाडीनं आणि मी जाईन तुरुंगात पायी! हा कुठला कायदा?" माझ्याकडे असे बघायला लागले जसा काही तो कायदा मीच केला होता.

आता कळवावं तर इतके महिने का नाही कळवलं, वर दिलेला शब्द मोडला; न कळवावं तर खटला. आबा नुसते ओसरीत येरझाऱ्या घालायचे. शेवटी अक्कल मीच चालवली. म्हटलं, कोणी विचारलं तर हा साक्रीकडचा म्हणून सांगायचं. साक्री म्हणजे धुळ्याच्याही पलीकडे, डोंगरात. आमच्या गावातून तिकडे मेलं कोण जातंय? आणि आमच्या धुळ्याकडची अहिराणी इथल्या लोकांना धड कळत नाही, तेव्हा त्याची कच्ची असली तरी खपून जाईल. बसवलं त्याला चुलीपुढे आणि शिकवलं, "मी साक्रीना शे. बठ्ठं ठीक शे." म्हणजे मी साक्रीचा आहे, सगळं ठीक आहे. ही दोन वाक्यं त्यानं इतकी घोटली की बैलाला पाणी पाजलंस का विचारलं तरी म्हणायचा, "बठ्ठं ठीक शे." गावानं त्याचं नावच साक्रीवाला पाडलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग आखाजी आली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांसाठी घागरी भरतात. मातीची नवी घागर, त्यात पाणी, वर खरबूज आणि गोड सांजोरी ठेवायची. अक्कांनी कुंभाराकडून घागरी आणल्या होत्या. सकाळी त्यांनी त्याला बोलावलं. "तुझ्या बापाची घागर भर बाबा. इथे काय आणि तिथे काय, पाणी पोचतं." त्यानं भरली. मग अक्कांनी दुसरी घागर पुढे केली आणि मध्येच थांबल्या. तो त्या घागरीकडे बघत राहिला. अक्का तरी काय विचारणार, सांगा! त्यांनी गुपचूप ती घागर पालथी करून कोपऱ्यात ठेवली.

दुपारी बायका झोक्यावर आणि बाप्ये लिंबाखाली पत्त्यांवर. आखाजीला खानदेशात पत्ते कुटले नाहीत तर सण झाल्यासारखा वाटत नाही. सालदाराला त्या दिवशी मालकानं आधी जेवू घालायचं, म्हणून साक्रीवाला ओसरीत पुरणपोळी आणि आमरसावर बसला होता. तेवढ्यात सायकलवरून हवालदार आला. जुगारावर धाड पडली असं समजून एकच पळापळ! आमचे हे तर कडब्याच्या गंजीत शिरले, नुसते पाय बाहेर.

हवालदार ओरडला, "अरे खेळा, खेळा! मी पण दोन डाव टाकूनच आलोय. माझं काम आबांकडे आहे."

आबांची पाचावर धारण बसली. हवालदार ओसरीत चढला, ताटावरच्या माणसाला न्याहाळलं आणि म्हणाला, "हा कुठला?"

"मी साक्रीना शे," तोंडातला घास गिळून आमचा शहाणा म्हणाला.

हवालदाराचा चेहरा एकदम उजळला. "काय सांगस! मी बी साक्रीनाच शे! कोनतं गाव तुनं? कोना पोऱ्या तू?"

देवा रे! आख्ख्या जिल्ह्यात पोलिसांना दुसरा हवालदार मिळू नये?

"बठ्ठं ठीक शे," साक्रीवाला म्हणाला.

मी पदर तोंडात कोंबला. हसावं की रडावं कळेना. हवालदारानं आबांकडे वळून विचारलं, "आबा, हा तुमचा गडी ना?"

"नाही," आबा म्हणाले. "आज आखाजी. कालचं साल काल सरलं, नवं अजून ठरलं नाही. आज कोणी कोणाचा मालक नसतो."

"आजचं नाही विचारत. कालपर्यंत?"

"पाहुणा होता."

"घरात ठेवून घेणारावरही खटला होतो."

"मग..." आबा माझ्याकडे बघायला लागले. माझा कायदा कधीच संपला होता.

आबांनी सावकाश टोपी काढून मांडीवर ठेवली. ते खरं सांगणार, हे मला कळलं. पण त्यांच्या आधी तोच ताटावरून उठला. कोपऱ्यातल्या पालथ्या घागरीपाशी जाऊन उभा राहिला आणि मराठीत, अडखळत, पण स्पष्ट म्हणाला, "साहेब, मी साक्रीचा नाही. मी बांगलादेशचा आहे. मला पाठवा. आईची घागर भरायची की नाही, ते मला बघून यायचं आहे."

त्या देशाचं नाव त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ताठ मानेनं घेतलं त्यानं. अक्का पदरानं डोळे पुसायला लागल्या आणि माझंही नाक वाहायला लागलं, खोटं कशाला बोलू?

हवालदारानं त्या पालथ्या घागरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आबा, मघाशी काय म्हणालात? आखाजीला मालक नसतो?"

"हो," आबा पुटपुटले.

"मग आज सापडलेल्या माणसाचा मालक मी कुठून आणू?" आणि अक्कांकडे बघून म्हणाला, "अक्का, आमरस उरलाय का? आमच्या गाववाल्याचं जेवण अर्धं राहिलंय, मीही त्याच्या पंगतीला बसतो."

दुसऱ्या दिवशी आबा स्वतः ठाण्यापर्यंत सोबत गेले. सालदाराला द्यायचे नवे कपडे त्याच्या अंगावर होते. निरोप देताना आबा त्याच्यावरही खेकसलेच. "आई असली तर कळव. नसली तरी कळव."

काहीच कळलं नाही. पुढच्या आखाजीला अक्कांनी ती घागर काढून विचारलं, "काय करू हिचं?" तर आबा कडाडले, "खबर आली का? नाही ना? मग म्हातारी जिवंत आहे. ठेव पालथी!" आबा होते तोवर दर वर्षी हेच.

आता आखाजीला आबांची घागर मी भरते, अक्कांची भरते. शेजारी ती तिसरी धुऊन पुसून पालथी ठेवते. माझी नात विचारते, "आजी, ती बाई आता केवढी असेल गं?" मी तिला सांगते, तिचं वय मोजायचं नाही, असा आपल्या घरचा कायदा आहे. आणि या घरातला कायदा अजून मीच सांगते.