बोकडावर रेटिंग फी किती?

बुद्धिबळ खेळणारी माणसं शांत असतात, असा बाहेरच्या लोकांचा गोड गैरसमज आहे. आमच्या पनवेलच्या मंडळाची एक मीटिंग पाहिली की तो दूर व्हायचा! आजही आमच्यातले दोघे भेटले की चहा येईपर्यंत किस्से सुरू होतात, चहा गार होतो, आणि घरून निरोप येतो की माणूस जिवंत असेल तर परत पाठवा.

काळ नव्वदीचा. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होतो आणि मंडळाचा सेक्रेटरी होतो. म्हणजे आठवडाभर लोकांच्या बंद फोनसाठी शिव्या खायच्या आणि रविवारी मंडळासाठी!

अध्यक्ष ओक सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. खजिनदार दाऊदभाई, त्यांची भाताची गिरणी. मीटिंग गिरणीच्या ऑफिसात व्हायची, त्यामुळे मंडळाचे सगळे ऐतिहासिक निर्णय अंगावर कोंडा घेऊन झालेले आहेत.

मंडळ दर महिन्याला एक सायक्लोस्टाइल पत्रक काढायचं. आसपास कुणी स्पर्धा भरवली की त्याची जाहिरात त्यात यायची, आणि स्पर्धा झाली की निकाल छापून खेळाडूंचं रेटिंग, म्हणजे कोण किती पाण्यात आहे त्याचा आकडा, ओक सर हाताने काढायचे. दोन्ही कामांची आयोजकांकडून फी घ्यायची. ती किती घ्यायची, एवढाच प्रश्न होता.

कुठल्याही शहाण्या माणसाने एक आकडा सांगून विषय संपवला असता. पण सर म्हणाले, "फी वाजवी हवी!" आणि आमचे सुखाचे रविवार संपले.

*

पहिलं जाहिरातीचं. सर म्हणाले, तारेसारखे शब्द मोजून पैसे घेऊ. यात अन्याय कुठेच नाही.

नवीन पनवेलच्या एका सोसायटीचे चेअरमन स्पर्धा भरवत होते. गृहस्थ इतके काटकसरी, की लिफ्टने वर जायचे आणि वीज वाचावी म्हणून जिन्याने उतरायचे. त्यांनी जाहिरात दिली, "स्पर्धा. या."

मी म्हटलं, "साहेब, कुठे या? कधी या?"

"ज्याला इंटरेस्ट आहे तो चौकशी करेल!"

पत्रकात तसंच छापलं. आणि आमचे खेळाडू खरंच निघाले हो! रविवारी सकाळी पटाच्या घड्या बगलेत मारून माणसं पनवेलभर हिंडत होती. काही जण एका मंगल कार्यालयात शिरले आणि साखरपुड्याचं जेवून आले. चेअरमन मात्र गच्चीवर पट मांडून एकटेच बसले होते.

सोमवारी ते फी परत मागायला आले. "जाहिरातीचा उपयोग शून्य!"

ओक सर शांतपणे म्हणाले, "उपयोग झाला. माणसं घरातून निघाली. पोचवायचे शब्द तुम्ही विकत घेतले नव्हते."

*

मग रेटिंगची फी. सरांनी हिशोब मांडला, की डावात हार-जीत झाली तर आकडेमोड जास्त, बरोबरी झाली तर कमी. तेव्हा फी फक्त हार-जीत झालेल्या डावांवर घ्यायची. ऐकायला इतकं न्याय्य वाटलं की आम्ही टाळ्या वाजवल्या.

पहिलीच स्पर्धा एका व्यायामशाळेची होती. त्यांचे सेक्रेटरी पैलवान. त्यांनी उद्घाटनाच्या भाषणातच सांगितलं, "सर्वांनी खेळीमेळीने खेळावं. कुणी कुणाला हरवू नये!" बोलताना दंडावरून हात फिरवत होते, त्यामुळे मुद्दा सगळ्यांना पटला.

दिवसभर एकही डाव निकाली लागला नाही. एकाला तर समोरच्याने चुकून मात दिली, तर दोघांनीही माफी मागून चाल परत घेतली! संध्याकाळी झाडून सगळे पहिले आले.

पहिलं बक्षीस कुकर होता. तो सगळ्यांचा. मग ठरलं की आठवडा-आठवडा प्रत्येकाकडे ठेवायचा. पुढची काही वर्षं पनवेलमध्ये तो कुकर घरोघर फिरत होता. आमच्याकडे आला तेव्हा शिट्टी नव्हती. आधीच्या घरी चौकशी केली, तर वहिनी म्हणाल्या, "शिट्टी आम्ही उपविजेतेपद म्हणून ठेवून घेतली."

*

इथे पळस्प्याच्या हिरामण पाटलांना आणलं पाहिजे. पाटील दरवर्षी गावच्या देवळासमोर मांडव घालून स्पर्धा भरवायचे. गाव सगळं खेळायचं. भात कापून झाला की पारावर पट मांडलेलेच. खुद्द पाटलांना मात्र खेळता येत नव्हतं. घोडा अडीच घरं का चालतो, हे त्यांना कुणीच समजावू शकलं नाही. "घोरा हाय ना? मंग सरल पलू दे की!"

त्यांची एकच इच्छा होती. पळस्प्याचं नाव एकदा आमच्या पत्रकात, रेटिंगच्या पानावर छापून यावं. एक्स्प्रेस हायवेच्या मोजण्या तेव्हा सुरू झाल्या होत्या. माणसं यायची, शेतात खुंट्या ठोकून जायची. पाटील एकदा गिरणीत बसले असताना म्हणाले, "सायेब, रस्त्याच्या कागदावर आमचं गाव नुसतं नंबर हाय. कुठंतरी नावानं येवू दे. रस्ता झाल्यावर काय राहील, काय नाय, सांगता येत नाय."

मला वाईट वाटलं. दाऊदभाईंनाही वाटलं. वाईट ओक सरांनाही वाटलं असणार, पण ते म्हणाले, "नाव येईल. फी वाजवी ठरू दे!"

*

तोवर सरांचं नवीन तत्त्व आलं होतं. फी बक्षिसाच्या किमतीवर. मोठं बक्षीस, मोठी फी. पाटलांच्या स्पर्धेला पहिलं बक्षीस होतं बोकड.

"त्याची किंमत किती धरायची?" सरांनी विचारलं.

"आता किती, का स्पर्धेच्या दिवशी किती?" दाऊदभाई म्हणाले. "सर, बोकड म्हणजे घड्याळ नव्हे. तो वाढतो!"

हा मुद्दा सरांना फार आवडला. आम्ही तिघं पळस्प्याला गेलो. दाऊदभाईंनी बोकडाचे दात पाहिले, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "माशाअल्ला, अजून पुष्कळ भरेल." सरांनी लगेच फी वाढवली. पुढच्या खेपेला बोकड आणखी भरला होता. पुन्हा फी वाढली.

पाटील रडकुंडीला आले. "मास्तर, फी भरू का बोकराला उपाशी ठेवू?"

"उपाशी ठेवलंत तर बक्षिसाचा दर्जा घसरेल," सर म्हणाले. "त्याची वाढ थांबली की आपण अंतिम आकडा ठरवू."

स्पर्धा होऊन गेली. जिंकणाऱ्याच्या घरी हळद होती, बोकड त्याच रात्री पंगतीला लागला. पुढच्या मीटिंगला मी सांगितलं, "सर, वाढ थांबली."

सर म्हणाले, "पण आता मोजायचं काय?"

त्या वर्षी पळस्प्याचं नाव आलं नाही.

*

नंतर गरीब आयोजकांना सवलत निघाली. झालं! रातोरात सगळा तालुका गरीब झाला. खारघरचा एक बिल्डर मीटिंगला सायकलवर आला. त्याला सायकल येत नव्हती, ड्रायव्हरने मागून धरली होती.

खरा गरीब ओळखायचा कसा? सरांनी कसोटी शोधली. स्पर्धेत चहाबरोबर बिस्किट दिलं तर आयोजक श्रीमंत, नुसता चहा दिला तर सवलत. तपासायला सर स्वतः जायचे.

मग आयोजक बिस्किटं लपवायला लागले. खेळाडू टेबलाखाली वाकून बिस्किट खायचे आणि तोंड पुसून वर यायचे. एकदा सर एका पटापाशी थांबले, वाकले, वजिराशेजारचा एक कण बोटावर घेतला आणि चाखला.

"ग्लुकोजचं आहे!"

समोरचा खेळाडू हार मानून उठला. त्याला वाटलं, सरांना त्याच्यावरची मात दिसली.

पाटलांनी तर त्या वर्षी मांडवात प्रत्येकाला पोटभर तांदळाच्या भाकरी आणि सुकटीचं कालवण घातलं होतं. बिस्किट एकही नव्हतं! पण सर म्हणाले, सुकटीबद्दल नियम नाही, विचार करायला वेळ लागेल. विचार पूर्ण होईपर्यंत पत्रक छापून झालं. पळस्प्याचं नाव पुन्हा राहिलं. मला मात्र तेव्हा सरांचा मनापासून राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. "सर, तुमच्या न्यायाने माणूस मरेल एखादा!"

सर दुखावले. दोन मीटिंगा त्यांनी कोंडा झटकलासुद्धा नाही.

*

आणि मग तो रविवार.

सरांनी आम्हाला आणि पाटलांना एक कागद पाठवला. पाटलांच्या फीचा निकाल पटावरच लावायचा. सर विरुद्ध पाटील, एकच डाव, पळस्प्याच्या देवळासमोर. पाटील जिंकले तर त्यांच्या स्पर्धेला फी माफ. हरले तर आयोजकाने पूर्ण फी भरायची.

मी म्हटलं, "सर, त्या माणसाला घोडा चालवता येत नाही!"

"म्हणून तर वाजवी आहे. सोंगट्या दोघांना सारख्याच."

सगळं पळस्पे जमलं होतं. सरांनी स्वतः पट नेला, घड्याळ नेलं, चाली लिहायला मला बसवलं. कुणी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, असं बजावलं. दाऊदभाई पंच.

पाटलांनी देवाला हात जोडले. राजासमोरचं प्यादं दोन घरं सरकवलं. गावाने सुस्कारा सोडला, निदान प्यादं तरी बरोबर चाललं! सरांनी बराच वेळ विचार करून आपलं प्यादं पुढे केलं.

पाटलांनी राजा उचलला आणि पटावर आडवा ठेवला. "हारलो."

"अहो!" सर ओरडले. "सुरुवात तरी होऊ द्या!"

"दाऊदभाई, घड्याल चालू होता?"

"होतं."

"सेक्रेटरी, चाली लिवल्या?"

"लिहिल्या," मी म्हटलं.

"निकाल लागला?"

"लागला," दाऊदभाई म्हणाले, आणि त्यांची मान हळूहळू हलायला लागली.

"मंग हा डाव रेटींगला धरा. आनि जागा लिवा, पळस्पे."

सर चडफडले. "एक डाव म्हणजे स्पर्धा नव्हे!"

"किती डाव लागतात, असं नियमात हाय का?"

सरांनी आमच्याकडे पाहिलं. नियम सरांनीच केलेले. त्यात बोकड होता, बिस्किट होतं, डाव किती ते नव्हतं!

"बरं," सर शेवटी म्हणाले. "धरला. पण तुम्ही हरलात. आयोजकाने पूर्ण फी भरायची."

पाटील हात जोडून म्हणाले, "मास्तर, मी खेलाडू. बोलावलं तुमी, पट तुमचा, घड्याल तुमचा. भरवली तुमी!"

सरांनी चष्मा पुसला, खिशातून पाकीट काढलं आणि पूर्ण फी दाऊदभाईंच्या हातावर ठेवली.

"वाजवी आहे," ते म्हणाले.

पत्रकात रेटिंगच्या पानावर ठळक छापून आलं. पळस्पे खुली स्पर्धा. सहभागी दोन. विजेते ओक, उपविजेते हि. पाटील. पत्रक हातात पडल्यावर पाटलांनी गावाच्या नावावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. डोळे पुसायला त्यांना टोपी काढावी लागली.

त्याच दुपारी मिरवणूक निघाली. पुढे ब्रास बँड, गुलाल, उपविजेते पाटील गावाच्या खांद्यावर, पत्रक डोक्यावर धरलेलं. थेट पनवेलच्या बाजारापर्यंत आली. सर गुलालाने लाल होऊन सगळ्यात मागून पायी चालत होते.

बाजारात एका ओळखीच्या दुकानदाराने त्यांना अडवलं. "सर, काय हो, कोण जिंकलं?"

"मी."

"मग खांद्यावर ते कसे?"

सरांनी घाम पुसला आणि म्हणाले, "आयोजकाने चालतच जायचं असतं!"