दिपेशच्या पोरी आणि मिटलेल्या मुठी

दिवेआगरच्या बायजाचा दिपेश सहा फूट सात इंच. उभ्या उभ्या सुपारीचा घड उतरवतो, असं बायजा सांगते. पण ती काहीही सांगते. बास्केटबॉलने त्याला नेपाळ, मालदीव, मस्कत असं अकरा वर्षं फिरवलं, हे मात्र खरं. तिकडच्या संघात परदेशी खेळाडू एकच, तो दिपेश. जिंकलं की खांद्यावर घ्यायचे, हरलं की परतीचं पहिलं तिकीट त्याचंच काढायचे. अशी सात तिकिटं झाली, गुडघाही कुरकुरायला लागला, आणि स्वारी कायमची घरी आली.

गावच्या शाळेत त्याने मुलींचा संघ बांधायला घेतला. मुख्याध्यापक बुधाजी सरांनी चेंडूंच्या खोलीची चावी दिली, तीही 'तूर्तास' म्हणून. पोरी कबड्डीत वाढलेल्या. पायांत वारा, नजर पक्की. दिपेश खूश.

पहिल्याच सामन्यात समोरची मुलगी चेंडू आपटत यांच्या अर्ध्यात शिरली. सवयीने पाचही जणींनी हात धरून साखळी केली आणि कप्तान प्राप्तीने खाली वाकून तिचा घोटा धरला. शिट्टी. पुढची आली, पुन्हा पकड, पुन्हा शिट्टी. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. मध्यंतरापर्यंत सातांतल्या सहा जणी बाकावर. एकटीला कोणाशी खेळवणार, म्हणून पंचांनी सामनाच संपवला. बाकावर मात्र आनंदीआनंद.

"सर, एकपण सुटली न्हाय," प्राप्ती म्हणाली.

बुधाजी सरांनी त्याला बाजूला घेतलं. पुढच्या सामन्यात शेवटच्या शिट्टीला पाच पोरी मैदानात दिसल्या तर चावी त्याची, नाहीतर कबड्डीच बरी. दिपेशला आठवं तिकीट दिसायला लागलं.

घरी अंगणात सुपारी वाळत घालता घालता बायजाने सगळं ऐकून घेतलं. "हात रिकामे हायत म्हणून वळवळतात रे," ती म्हणाली. "काय तरी दे धरायला."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकीच्या दोन्ही मुठींत एकेक सुपारी. चेंडू समोरच्यांकडे असेपर्यंत मूठ उघडायची नाही, फक्त पायांनी वाट अडवायची. सुपारी पडली की मैदानाला दोन फेऱ्या. पंधरा दिवस बायजा रोज येऊन आपल्या सुपारीवर नजर ठेवून बसली.

सामन्याच्या दिवशी सुपाऱ्या नव्हत्या, पण मुठी मिटलेल्याच. शेवटच्या मिनिटाला समोरची धिप्पाड मुलगी सुसाट आली. प्राप्ती वाटेत खांबासारखी उभी. टक्कर झाली, शिट्टी वाजली, आणि प्राप्ती उठून गपचूप बाकाकडे चालायला लागली.

"कुठं चाललीस?" दिपेश म्हणाला. "फाऊल तुझा न्हाय, तिचा हाय."

पोरी अकरा गुणांनी हरल्या. बुधाजी सरांनी बोट फिरवून मैदानातल्या पोरी दोनदा मोजल्या. पाच. मग चावीबद्दल अवाक्षर न काढता, सकाळी किती वाजता येतोस, एवढंच विचारलं.

प्राप्ती तेवढी फुरंगटलेली. "सर, शेवटी एक तरी पकडू द्यायची."