विहिणीच्या मानाचं हाड

कणकेच्या सहा गोळ्यांपैकी तीन लाटून चादरीवर सुकत पडले होते आणि चौथा अर्धा लाटण्याला गुंडाळलेला होता, तेवढ्यात फोन वाजला. कलीपाचे दोन्ही हात पिठाचे. तिनं लाटणं टेकवून ठेवलं, करंगळीनं फोन उघडला आणि कान फोनपाशी नेला.

"कलीपा," पलीकडून नवरा, इसाक, बोलत होता. आवाज खुशीतला, आणि तोंडात काहीतरी. "आम्ही सकाळीच वर सुखरूप पोचलो. सगळं ठीक आहे. फक्त बूट नाहीत."

"बूट नाहीत म्हणजे?"

"स्कीचे बूट. पिशवी उघडली तर आत मटण निघालं."

कलीपानं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. सज्जात, बर्फाच्या थराखाली, निळ्यापांढऱ्या चौकड्यांची एक पिशवी उभी होती. काल तिथं दोन होत्या. एकीत जावयानं, उलारबेकनं, भाड्यानं आणलेले घरच्यांचे बूट, दुसरीत बिश्केकहून गाडीत घालून आणलेली अख्खी मेंढी, हाडाहाडांतून नीट सुटी केलेली. थंडीत मांस सज्जात ठेवायचं नाही तर काय फ्रीजमध्ये ठेवायचं? आणि बाजारात जायला, गावाला जायला, घर बदलायला सगळ्या देशाकडे चौकडीची तीच पिशवी. गोठलेलं मांस हाताला बुटासारखंच लागतं, तसंच जड, तसंच टोकदार.

"मग आता?" तिनं विचारलं.

"आता काय, बुटांशिवाय बर्फावर कोण घसरणार? आपल्या उलारबेकच्या मित्रांचंही तोंड उतरलं. इथं खाणावळवाल्या बाईंकडे मोठं पातेलं होतं. त्यांनी लगेच उकळायला टाकलं. बारा माणसं पोटभर जेवली, कलीपा. सगळ्यांनी तुला दुवा दिला."

"आणि कुयमुलचक?"

मेंढीच्या शेपटाकडचा, माकडहाडासकटचा हा चरबीदार तुकडा. एका मेंढीत एकच. पंगतीत जी बाई सर्वांत मानाची, तिच्यापुढे तो जातो.

"ते मी खाणावळवाल्या बाईंना वाढलं," इसाक म्हणाला. "इथं वयानं त्याच मोठ्या. दुसऱ्या कुणाला देणार होतो?"

हेच तर दुखणं होतं. माणूस चुकला असता तर त्याला चार शब्द सुनावता आले असते. इसाक अगदी रीतीनं वागला होता. कलीपा एवढंच म्हणाली, "बरं केलंत," आणि फोन ठेवल्यावर "अस्तगफिरुल्ला, माफ कर रे अल्ला" म्हणाली, कारण मनातून ती तसं म्हणाली नव्हती.

चार वाजता विहीण येणार होती.

कलीपा एकोणसाठ वर्षांची. दोन खोल्यांत चार मुलं वाढवली, पाच वेळची नमाज चुकवली नाही आणि सुट्टी म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात रांधणं, हे तिनं केव्हाच मान्य केलं होतं. कराकोलला चार दिवस बर्फावर जायचं, दोन्ही घरांनी एकत्र राहायचं, आयांना विश्रांती द्यायची, ही कल्पना उलारबेकची. विश्रांती म्हणून तिला मिळालं होतं एक भाड्याचं घर, ज्यातल्या सुरीनं कांदासुद्धा कापला जात नव्हता. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तिला घोर होता तो विहिणीचा.

दोन वर्षांपूर्वी, मुलीच्या, बेगिमायच्या लग्नात, कलीपाच्या दिराच्या मुलानं वाढताना गोंधळ केला आणि नवऱ्या मुलाच्या आईच्या, कोचकोरच्या झूराकानबाईंच्या ताटात बरगडी गेली. झूराकानबाई तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर मात्र त्यांनी तो विषय एकदाही चुकवला नाही. ईदचा फोन केला की, "आमचं काय, कुदागी, विहीणबाई, मिळेल ते हाड चघळायचं." नातवाच्या बारशाला बोलावलं की, "येऊ ना. कुठं तरी टेकू, कोपऱ्यात." तीस वर्षं शाळेत मुख्याध्यापकी केलेल्या बाई. त्यांच्या स्मरणशक्तीला सुट्टी नव्हती. आणि त्याची झळ लागायची सासरी नांदणाऱ्या बेगिमायला. या खेपेचं जेवण चुकलं तर पोरीला पुढची दोन वर्षं तेच ऐकायला लागणार, हे कलीपाला स्पष्ट दिसत होतं.

तिनं कणकेवर ओलं फडकं टाकलं, हात धुतले, नमाजेआधीची हातपाय-तोंड धुण्याची वुजू केली आणि दुपारची नमाज पढली. दुसऱ्या सजद्यात, कपाळ जमिनीला टेकलेलं असताना, कुयमुलचक आठवलं. तिनं माफी मागितली, आणि माफी मागतानाही तेच आठवत होतं. मग शाल गुंडाळून ती बाहेर पडली.

आधी ती कोपऱ्यावरच्या नव्या मोठ्या दुकानात शिरली, कारण ते जवळ होतं. आत फुग्यांसारखे रंगीत कपडे घातलेली माणसं पायातले स्कीचे बूट न काढताच ठक ठक करत फिरत होती. या सगळ्यांना आपले बूट सापडले कसे, याचं कलीपाला नवल वाटलं. मांस प्लास्टिकच्या बशांत झाकून ठेवलेलं, गुलाबी, चौकोनी, कुठल्या प्राण्याचं ते चिठ्ठी वाचल्याशिवाय कळू नये असं.

"बाळ, हाडासकट नाही का?" तिनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"हाड काढूनच येतं, एजे," वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं ती म्हणाली.

"मग हाडं कुठं जातात?"

मुलीनं आजवर हा विचार केला नव्हता. "ते नाही माहीत. पण इटलीचं चीज आलंय. सुट्टीवर आलेले सगळे तेच नेतात."

"माझी विहीण येतेय, बाळ. चीजला मणका नसतो."

तिथून ती बाजारात गेली. मटणाच्या ओळीत तीन खाटीक. पहिल्याकडे नुसतं गोमांस. दुसऱ्याकडे मेंढी होती, पण सगळी बोराएवढे तुकडे करून कांद्यात कालवून बादल्यांत भरलेली.

"सगळी शीगांसाठीच कापलीस?" कलीपानं विचारलं.

"काय करू, एजे. डोंगरावरून उतरले की त्यांना सळईवर भाजलेलंच लागतं. पंधरा दिवसांत कुणी मला सांधा मागितला नाही. सांधा कुठून सुटतो तेच विसरायला झालंय."

"तुझे वडील असते तर त्यांनी ही बादली तुझ्या डोक्यावर उपडी केली असती."

"वडील आहेत की," खाटीक मागे बोट दाखवून म्हणाला. मागे बसलेला म्हातारा शांतपणे बोराएवढे तुकडे करत होता. त्यानं कलीपाला आदरानं सलाम केला.

तिसरा खाटीक जुमाबेक. त्याच्या आकड्यावर मेंढीचा पुढचा अर्धा भाग लटकत होता. कलीपाच्या जिवात जीव आला.

"मागचा भाग कुठाय?"

"आत्ताच गेला. पाव तास झाला असेल," जुमाबेक म्हणाला. "एक बाई आल्या होत्या, किरमिजी कोटातल्या. चष्मा लावून शेपटाचं हाड तपासलं. मला म्हणाल्या, सुरी नीट सांध्यातून घाल, फळा पुसल्यासारखी फिरवू नकोस. मी आयुष्यात कुणाला एवढा घाबरलो नाही."

"इथल्या आहेत का?"

"नाही, बाहेरगावच्या वाटल्या. थंड शेवया खायला चालल्या होत्या. त्या काय, तिकडे, आश्लानफूच्या ओळीत."

कलीपा तिकडे निघाली. वाटेत ती शब्द जुळवत होती. परक्या बाईच्या पिशवीतलं मांस मागायचं म्हणजे लाज टाकून बोलायला हवं. पण परकी आहे तेच बरं. ती आपल्याला पुन्हा कुठं भेटणार?

आश्लानफूच्या बाकांवर गर्दी होती. कडाक्याच्या थंडीत माणसं गार, झणझणीत शेवयांच्या वाडग्यांवर ओणवी झाली होती आणि त्यांच्या डोक्यांतून वाफा निघत होत्या. शेवटच्या बाकावर किरमिजी कोटाची रुंद पाठ दिसली. डोक्यावर, कानांवर, हनुवटीपर्यंत शाल. पायांत घट्ट धरलेली पिशवी. निळ्यापांढऱ्या चौकड्यांची.

कलीपा पाठीमागेच थांबली. समोर गेली असती तर बोलायचं धाडस झालं नसतं.

"एजे, अस्सलामु अलैकुम. अल्लाच्या नावानं जरा ऐकून घ्या. तुम्ही मागचा भाग घेतलात, तुमचं जेवण तुम्हाला लाभो. मला त्यातलं फक्त कुयमुलचक द्या. बदल्यात हवं ते देते. माझी विहीण येतेय चार वाजता. फार मानी बाई आहे. लग्नात चुकून तिच्या ताटात बरगडी पडली, तर दोन वर्षं, एजे, दोन वर्षं ती बरगडी माझ्या पोरीच्या घशात अडकवून ठेवलीय. मी काही तिला वाईट म्हणत नाही. नमाजी आहे, नातवाला जीव लावते. पण एका हाडावरून माणसानं किती ताणावं? आज तिच्यापुढे कुयमुलचक गेलं नाही तर ती माझ्या जनाज्यालासुद्धा येऊन तेच सांगेल."

पाठ हलली नाही. चमच्यानं वाडग्याच्या तळातला शेवटचा रस्सा काढला, तो शांतपणे प्याला गेला, रुमालानं ओठ टिपले गेले. मग किरमिजी कोट सावकाश वळला.

"बरगडी नव्हती," झूराकानबाई म्हणाल्या. "बरगडी असती तर मी गप्प बसले असते. मानेचा मणका होता."

कलीपाला जमीन दिसेना. जमिनीवर बर्फ होता तो दिसला.

"मणका?" ती म्हणाली.

"मणका. त्यावर मांससुद्धा नव्हतं. बसा, कुदागी. लोक बघतायत."

कलीपा बसली. बसल्यावर तिला सुचलं की आपण पाया पडल्यासारखं काहीतरी म्हणायला हवं, पण तोंडातून आलं ते भलतंच. "तुम्ही चार वाजता येणार होतात."

"पहाटेची पहिली गाडी मिळाली."

"आणि हे मांस कशाला घेतलंत? मेजवानी तर माझ्याकडे होती."

झूराकानबाई पहिल्यांदाच जरा अवघडल्या. त्यांनी शालीचं टोक ओढलं.

"म्हटलं, या खेपेला धोका नको."

"म्हणजे तुम्ही स्वतःचं हाड स्वतःच घेऊन आलात?"

"आले. माझ्या ताटात मी स्वतः थोडंच वाढून घेणार? ते यजमानाच्या पातेल्यातूनच यायला हवं. बेगिमायच्या हाती गुपचूप देणार होते, पातेल्यात टाक म्हणून. तर सून डोंगरावर घसरायला गेलेली."

"ती घसरत नाहीये," कलीपा म्हणाली. "तिच्याकडे बूट नाहीत." आणि तिनं पिशव्यांची सगळी हकिगत सांगितली. मटण बारा माणसांत कसं वाटलं गेलं आणि कुयमुलचक खाणावळवाल्या बाईंना कसं दिलं गेलं, ते सांगताना तिनं खाली पाहिलं.

झूराकानबाई विचार करून म्हणाल्या, "रीतीनं वागले व्याही. तिथं त्यांनी योग्य तेच केलं." मग त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसतायत हे कळायला कलीपाला वेळ लागला, कारण तिनं त्यांना आजवर हसताना पाहिलं नव्हतं. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली.

हसू ओसरल्यावर त्यांनी शेवयावालीला खूण केली. "बाळ, माझ्या कुदागीला एक वाडगा. तिखट जास्त." मग वाडग्याकडे बघतच म्हणाल्या, "हे होते तेव्हा यांच्या ताटात मानाचं हाड यायचं, माझ्या ताटात काय आलं ते मी पाहतसुद्धा नव्हते. हे गेल्यावरचं पहिलं मोठं जेवण तुमच्याकडचं. अन् मणका. मला वाटलं, यांच्याबरोबर मलाही पुरून आले लोक."

"मला खरंच ठाऊक नव्हतं, कुदागी."

"तुम्हाला कसं असणार? तुम्ही आत स्वयंपाकात होतात. तुमच्या वाट्याला काय आलं होतं त्या दिवशी?"

दोन वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. कलीपाला आठवावं लागलं. "शेवटी रस्सा उरला होता. त्यात नानचा तुकडा बुडवून खाल्ला."

"उभ्यानं?"

"उभ्यानं."

"बघा. आणि मी दोन वर्षं मणका मणका करतेय." झूराकानबाईंनी पायानं पिशवी कलीपाकडे सरकवली. "ही तुमची. माझी नव्हेच. इथं आपण भेटलोच नाही, मी चार वाजता येणार आहे. आणि आज माझ्यापुढे जे येईल ते अर्धं कापून मी तुमच्या ताटात ठेवीन. तुम्ही बसायचं. तेव्हा नको नको करायचं नाही, मला चारचौघांत ते आवडत नाही."

"चारपर्यंत थंडीत कुठं बसाल, आत्ताच चला. पण घरात पाहुणीच आधी येऊन बसलेली दिसली तर?"

"कोण बघणार? संध्याकाळी जेवायला उतरेपर्यंत सगळे तर वर आहेत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "किती लाटायचं राहिलंय?"

"अडीच गोळे."

"अडीच लाटते मी. चारला कोट घालून दाराबाहेर जाते आणि घंटी वाजवते."

कलीपानं मनात अल्लाचे आभार मानले, आणि या वेळी ते मनातूनच आले. तिनं वाडगा तोंडाला लावला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं तिखटाच्याच नावावर घातलं. जुमाबेकसमोरून जाताना दोघींनी एक एक बंद धरून पिशवी नेली. त्यानं दोघींना एकत्र पाहिलं आणि सुरी लगेच नीट सांध्यात घातली.

घरी पोचल्यावर पातेलं चढलं, फेस काढून झाला आणि झूराकानबाईंनी बाह्या सारून लाटणं हाती घेतलं. पीठ कसं मळलंय यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त थोडं आणखी पीठ मागितलं. कलीपानं सज्जातली उरलेली पिशवी आत ओढली, बर्फ झाडला आणि या खेपेला उघडून, आत हात घालून, बुटांच्या चारही जोड्या मोजून पाहिल्या. मग ती पुन्हा शाल गुंडाळून निघाली. डोंगरावर जाणाऱ्या तीनच्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडे तिला बूट पोचते करायचे होते.